हस्ताचा पाऊस आणि सोलापूरचे बांध

१४ ऑक्टोबर २०२०, बुधवार. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी मुसळधार पावसात कुंभार घाटाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून सहा जणांचा मृत्यू झाला. हा पाऊस ज्या वादळी प्रणालीने आणला, ती आदल्या दिवशी सकाळी आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागली होती. काकीनाडा ते सोलापूर हे अंतर साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक. समुद्रावरून आलेली वादळे जमिनीवर चढली की बाष्पाचा पुरवठा तुटतो आणि ती बहुधा लवकर विरून जातात. हे वादळ हैदराबाद बुडवून, कमकुवत होत का होईना, सोलापुरापर्यंत आले, पुढे सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रात उतरले आणि तेथे त्याने पुन्हा जोर धरला.

दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लोक पुरात मरण पावले, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले. मात्र सोलापूरचे आणि बंगालच्या उपसागराचे नाते फार जुने आहे. किंबहुना या जिल्ह्याची भाकरी त्याच उपसागराच्या जिवावर भाजली गेली आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीला थडकून कोकणात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. घाट उतरून पूर्वेकडे येणाऱ्या वाऱ्यात फारसे काही उरत नाही. सोलापूर या पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. मृगाचा पाऊस आला तर आला. श्रावणात आभाळ दाटते आणि वारा ते घेऊन जातो. खरा पाऊस पडतो तो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि तो आणतात बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे. हस्ताचा हा पाऊस, लोकांच्या तोंडी ‘हत्तीचा पाऊस’, खोल काळ्या रानात मुरला की त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. पेरणीनंतर एकही सर न येता ती केवळ जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर निसवते, भरते. मंगळवेढ्याची ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच हिशेबावर शतकानुशतके पिकत आली आहे.

म्हणूनच सोलापूरचा इतिहास हा पाऊस पडण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो धरून ठेवण्याचा आहे.

बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी या नावाने ओळखले जात होते. बसवेश्वरांचे समकालीन शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी येथे अनुयायांसह श्रमदानाने तलाव खोदला, अशी परंपरा सांगते. मंदिराभोवतीचे ते पाणी आजही शहराच्या मध्यभागी आहे. एखाद्या संताची सर्वांत मोठी खूण म्हणून तलाव सांगितला जावा, यातच त्या मुलखाची गरज दिसते. पुढे पंधराव्या शतकातील दामाजीपंतांची कथा येते. मंगळवेढ्याच्या या बहामनी अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, असे संतपरंपरा सांगते. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी धान्य होते आणि ते कुलपाआड होते, एवढी गोष्ट उरतेच.

चारशे वर्षांनी तोच प्रसंग फार मोठ्या प्रमाणावर घडला. १८७६ मध्ये दख्खनेत पाऊस पूर्णपणे फसला आणि मुंबई इलाख्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. रेल्वे १८६० मध्येच शहरात पोचली होती, त्यामुळे धान्य आणता येत होते. परंतु ते विकत घ्यायला मजुराकडे पैसा नव्हता. व्हाइसरॉय लिटन यांनी १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठवले. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी थोडी रोकड पुरेशी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुंबई इलाख्यात हा दर लागू झाल्यावर हजारो मजुरांनी काम सोडले. उपाशी माणसांनी सरकारी कामावर टाकलेला हा बहिष्कार होता. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रे पाठवत राहिली. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात मेलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक मानली जाते.

सोलापूरकरांना तेव्हा कळण्याचा मार्ग नव्हता, पण त्या वर्षांत चीनचा उत्तर भाग आणि ब्राझीलचा ईशान्य भागही असाच होरपळत होता. पॅसिफिक महासागराचे पाणी असाधारण तापले होते. आज त्याला एल निनो म्हणतात. दूरच्या समुद्राचे तापमान आणि माढ्याच्या, करमाळ्याच्या रानातली ओल यांचा संबंध असतो, हे शोधायला पुढची पन्नास वर्षे लागली, आणि त्या शोधाला हिंदुस्थानातल्या दुष्काळांनीच चालना दिली. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतर फसलेले पावसाळे यांमुळे १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पावसाळा यांचा संबंध मांडला. १९०४ मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून हवेच्या दाबाचा एक प्रचंड झोका ओळखला. एल निनोचे गणित पुढे त्यावरच उभे राहिले.

याच काळात आणखी एक हिशेब मांडला जात होता. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल, असे गणित प्रसिद्ध केले. हाताने केलेले ते आकडे आजच्या अंदाजांपेक्षा जरा चढे आहेत, पण दिशा अचूक होती. त्या वर्षी दख्खनेत पुन्हा पाऊस फसला होता आणि सोलापुरात पुन्हा दुष्काळी कामे निघाली होती. त्या कामांवर दगड फोडणाऱ्या माणसाने कोळसा क्वचितच जाळला असेल.

ब्रिटिश सरकारने केले काय? काही तलाव बांधले. शहराच्या ईशान्येला अधिला नदीवर १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरूख तलाव, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात, हा त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील फार मोठ्या जलाशयांपैकी एक होता. आष्टीचा तलाव १८७६ च्या दुष्काळी कामातून उभा राहिला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर मदतीचे नियम लिहिले गेले. हे सारे उपयोगी होते, पण तलावाचे पाणी पोचते ते कालव्याखालच्या रानात. उरलेल्या जिल्ह्याचे काय, हा प्रश्न पन्नास वर्षे तसाच राहिला.

त्याचे उत्तर धरणावर नव्हे, बांधावर सापडले. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या शेतावर तमहाणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. न. वि. कानिटकर यांनी १९२६ पासून ते पुढे नेले. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथेही त्याच योजनेतून केंद्रे निघाली. कानिटकरांचा प्रश्न साधा होता. पडलेल्या पावसापैकी किती पाणी मुळांपाशी पोचते आणि बाकीचे जाते कुठे? मोजमापातून दिसले ते असे: जोराच्या सरीचे पाणी उतारावरून धावत सुटते आणि माती घेऊन जाते. जे मुरते त्यातले बरेच उन्हाने आणि भेगांतून उडून जाते. तणही आपला वाटा घेते.

यावर जी पद्धत बसवली गेली ती ‘बॉम्बे ड्राय फार्मिंग’ या नावाने देशभर गेली. उताराला आडवे बांध घालायचे. काही वर्षांतून एकदा खोल नांगरट करायची. शेणखत घालायचे. दोन ओळींत जास्त अंतर ठेवून बियाणे कमी पेरायचे, म्हणजे ताटांची संख्या आणि जमिनीतली ओल यांचा मेळ बसेल. पीक उभे असताना तीन-चारदा कोळपे फिरवून वरची माती भुसभुशीत ठेवायची, त्यामुळे भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते. यात महागडे असे काहीच नाही. ताली टाकणे, कुळवणे, कोळपणे हे शब्दही शेतकऱ्यांचेच होते. केंद्राने त्यांना माप आणि वेळ दिली. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हे वाण तयार झाले. नव्वद वर्षांनंतरही रब्बी ज्वारीत त्याला मानाचे स्थान आहे. शेतीच्या जगात एवढे दीर्घायुष्य क्वचितच एखाद्या वाणाला लाभते.

१९४२ मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि समपातळी बांधांची कामे सरकारी पातळीवर निघाली. १९७२ च्या भीषण दुष्काळात ती पुन्हा आली, बरोबर पाझर तलाव, रस्ते आणि खडीच्या राशीही. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मिलो ज्वारी आणि सुकडी या शब्दांनी ते वर्ष आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. १८७७ च्या तुलनेत एक फरक मात्र ठळक होता: उपासमारीने तसा संहार झाला नाही. वि. स. पागे यांनी पुढे नेलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला.

मग उजनी आले. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याची एकूण क्षमता ११७ टीएमसी. जिल्ह्याचे रूप पालटले, त्यात शंका नाही. ज्यांनी पिढ्यानपिढ्या चारा छावण्या पाहिल्या, त्यांच्या रानात ऊस उभा राहिला आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर गणले जाऊ लागले. त्याचा दोष शेतकऱ्याला देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. ज्या पिकाला ठरलेला दर आणि ठरलेला ग्राहक मिळतो, ते पीक माणूस घेणारच. पण हिशेब हिशेबाच्या जागी राहतो. उसाला रब्बी ज्वारीच्या चार-पाचपट पाणी लागते. आणि कालव्याचे पाणी आले तसे बांधांकडे दुर्लक्ष झाले. कुठे ट्रॅक्टरला अडचण म्हणून, कुठे दोन सऱ्या जास्त बसतात म्हणून ताली मोडल्या गेल्या. ओढे बुजवून रान वाढवले गेले. शहरातही तेच झाले, फक्त तिथे ओढ्यावर ऊस न लावता घरे बांधली गेली.

हे इकडे घडत असताना अऱ्हेनियसचा हिशेब खरा होत होता. १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तापलेला समुद्र ते बाष्प पुरवतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हणजे कोरडे दिवस वाढले आणि ओले दिवस आडदांड झाले. त्याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे निम्म्याने वाढली. एखादे विशिष्ट वादळ केवळ तापमानवाढीमुळे आले, असे म्हणता येत नाही. फाशांचे पारडे जड झाले आहे, एवढे म्हणता येते.

सोलापूरसाठी याचा अर्थ फार नेमका आहे. ज्या परतीच्या पावसावर ज्वारी पेरायची, तोच आता रान खरवडून नेऊ लागला आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये हे आणखी स्पष्टपणे दिसले. या वेळी सीना कोपली. सीना ही वर्षातले बरेच महिने कोरडी असणारी नदी. तिच्यात उजनीचे पाणी सोडता यावे म्हणून भीमा-सीना जोडणारा बोगदा खोदला गेला होता, त्यावरून तिची ओळख पटावी. त्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील गावे तिच्या पाण्याने वेढली गेली. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद करावा लागला. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांत एक शब्द वारंवार येत राहिला, ‘खरडून गेलेली जमीन’. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते. काळ्या मातीचा वीतभर थर तयार व्हायला मात्र हजारो वर्षे लागतात. कानिटकरांनी सोलापुरात मोजायला सुरुवात केली होती ती याच मातीची आणि तिच्यातल्या ओलीची.

ढगांतूनच हवे तेवढे पाणी काढता येईल का, याचीही परीक्षा सोलापुरातच झाली. पुण्याच्या त्याच संस्थेने या पर्जन्यछायेत २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत विमानातून ढगांमध्ये क्षारकण सोडण्याचे प्रयोग केले. २७६ ढगांचा अभ्यास झाला. निष्कर्ष असा की, योग्य ढगांत बीजारोपण केल्यास वाऱ्याच्या दिशेने सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस मिळू शकतो. शास्त्र म्हणून हे महत्त्वाचे आहे. पण त्यासाठी मुळात ढग असावे लागतात, आणि पडलेले पाणी धरायला खाली बांध असावा लागतो.

बांधाचे वैशिष्ट्य हेच, की तो दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. १९३३ मध्ये तो ओल टिकवण्यासाठी घातला गेला. आज तोच धावत्या पाण्याचा वेग मोडतो आणि नदीला एकदम भेटणारे पाणी हप्त्याहप्त्याने सोडतो. मात्र जुन्या मापाचा बांध नव्या पावसाला पुरत नाही. सांडवा नसलेली ताल मोठ्या पावसात फुटते आणि फुटलेली ताल खालच्या चार रानांचे नुकसान करते. म्हणून दगडी सांडवा, त्यावर गवत, आणि शेजाऱ्याशी बोलून ठरवलेली पाण्याची वाट या गोष्टी आता अधिक गरजेच्या झाल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी रानात चौकोनी वाफे पाडण्याची पद्धतही कोरडवाहू संशोधनातूनच आली आहे. उसाचे पाचट पेटवून न देता सरीत पसरले तर ओल टिकते, धूर होत नाही आणि मातीला कर्ब मिळतो.

शहरातल्या माणसाचा संबंध येथे तुटत नाही. सोलापूरकर अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड येणारे पाणी भरत आला आहे. त्याच्याच छतावरचे पावसाचे पाणी गटारात जाते, ते विंधन विहिरीकडे वळवता येते. विजेचेही तसेच. दक्षिण सोलापुरात फताटेवाडी येथे १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. तो कोळशावर चालतो आणि त्याला पाणी लागते ते उजनीचे. कोळशाच्या एका युनिट विजेमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या शहरात विनाकारण चालू राहिलेला पंखा हवेत धूर आणि धरणात तूट, अशी दुहेरी उचल करतो. घरावरचा सौरसंच, गच्चीला दिलेला पांढरा रंग, जवळच्या कामाला सायकल, लांबच्या प्रवासाला एसटी किंवा रेल्वे, या साऱ्याचा जमाखर्च एकाच वहीत जातो. ताटातली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणीसुद्धा त्यातच. तिला मागणी राहिली तर कोरडवाहू शेतकऱ्याला ऊस सोडून दुसरे काही पेरण्याचे कारण मिळते.

यातले कोणतेही एकटे काम सीनेचा पूर अडवणार नाही. जगाच्या चिमण्यांतून निघणारा धूर कमी करण्याची मोठी जबाबदारी ज्यांनी तो दीडशे वर्षे सोडला त्यांच्यावरच राहते, आणि ते ठणकावून सांगायलाही हवे. १८७७ च्या मजुरांनी एक पौंड धान्य नाकारले होते, तेही असेच ठणकावून. पण त्यांच्या हातून घडलेला आष्टीचा तलाव आजही आहे.

रब्बी ज्वारीच्या पेरणीचा शिफारस केलेला काळ साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा आहे. काकीनाड्याहून निघालेले वादळ २०२० मध्ये जिल्ह्यात पोचले ते १४ तारखेला, चित्रा नक्षत्रात. ज्यांनी आधी पेरले होते त्यांचे बी चिखलात राहिले. ज्यांनी पेरले नव्हते, ते बांधावर उभे राहून वाफशाची वाट पाहत होते.